बाराशे लारी

बाकारनं यादी गणिताच्या वहीत केली, मागच्या पानावर,
म्हणून मला ती खरी वाटली.
बाराशे लारी. त्यातले आठशे माझे,
औषधाच्या दुकानातल्या रात्रपाळीचे.
बाकीचे कुठून आले ते मी विचारलं नाही.
जिन्याखाली त्याची सायकल दिसत नाही, एवढंच.

नुगझारचं दुकान म्हणजे त्बिलिसीच्या बाजारातला एक कंटेनर,
आत शेगडी, आणि शेगडीपेक्षा गरम नुगझार.
"रंगीत दिवे हवेत?"
"नकोत."
"शहाणा आहेस. दिवे लावून गाढव धावत नाही."
पण पॉवर सप्लायवर तो अडून बसला:
"इथे काटकसर केलीस तर एका रात्री
सगळ्याचा मिळून एकच धूर होईल."
ऐंशी लारी वाढले. रॅम निम्मी झाली.

ग्राफिक्स कार्ड वापरलेलं.
तीन वर्षं कुणाच्या तरी गॅरेजात, धरणाच्या स्वस्त विजेवर
रात्रंदिवस नाणी पाडत होतं,
कुणाच्याच हाताला न लागलेली नाणी.
पंख्यात धूळ, धुळीत एक मेलेली मधमाशी.
बाकारनं ती चिमट्यानं काढली, खिडकीत ठेवली.
आता हे काय करणार, मी विचारलं.
"झाडं," तो म्हणाला. "झाडं, पाणी, सावल्या."
निवृत्त झाल्यावर माणसं करतात तसंच काहीसं.

अंथरूण पाहून पाय पसरले
तरी अंगठे बाहेर राहिलेच:
मॉनिटर, कीबोर्ड, माउस.
मॉनिटर एका बँकेनं टाकून दिलेला.
तिरपं पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात अजून
'कृपया टोकन घ्या' भाजल्यासारखं उमटलेलं.

कीबोर्ड मी निवडला.
आमच्या दोघांत एक खोली, खोलीत एक पडदा;
दिवसा मी झोपणार तेव्हा तो खेळणार.
नुगझारच्या टेबलाशी डोळे मिटून मी सात कीबोर्ड ऐकले.
एक गारांसारखा. एक दाढदुखीसारखा.
सहावा, कुणी लोकरी मोज्यांनी जिना उतरावा तसा.
त्यावरचं डब्ल्यू पार पुसून गेलेलं.
आधीचा मालक, जो कोण असेल तो,
सदानकदा पुढेच निघालेला.

माउसला वेळ लागला.
बाकार डावखुरा. स्वस्तातले सगळे उजव्या हाताचे,
अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला.
"होईल सवय," नुगझार म्हणाला.
"सवयी खूप झाल्यात," बाकार म्हणाला,
आणि तेव्हा मला दिसलं, हा सोळाचा झालाय.
शेवटी एक सापडला, कुठल्याशा कचेरीतला, राखाडी,
दोन्हीकडून सारखा, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा.
बारा लारी.

आमच्या लिफ्टला वीस तेत्री टाकावी लागतात.
खोकं घेऊन आत शिरलो आणि खिसे चाचपले.
आठ मजले. मधे तीनदा बसलो.
पाचव्यावर दारेजानकाकूंनी दार किलकिलं केलं:
"नवा टीव्ही का?"
दम लागलेला, म्हणून दोघांनी मान हलवली.

पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी.
दुसऱ्यांदाही तेच.
त्यानं रॅम काढली, खोडरबरानं पुसली,
पुन्हा बसवली, कट्ट वाजेपर्यंत.
मी पांढरा कोट चढवत होते, एक बाही आत, एक बाहेर,
तेवढ्यात एक बारीकसं टिट्
आणि बाकारचा चेहरा निळा झाला.

"त्सिरा, आधी तू."
मला कुठे येतं, मी म्हटलं, आणि बसले.
उजव्या हातात माउस. बसला तोही.
पुसलेलं बटण दाबून धरलं.
झाडं आली. पाणी आलं.
एका सावलीवरून मी पाय आखडून घेतले,
खुर्चीत, खरोखरचे पाय.

साडेनऊची बस शेवटची.
"उजवीकडे दरी आहे," बाकार म्हणाला.
मी पुढेच निघालेली.